पत्र्यावरची पलटण

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. बुरुजावरचा मावळा ओल्या मातीत रोवला की उभा राहतो, आणि रोवला तिथेच राहतो. किल्ल्याच्या खेळाला तेवढे पुरते, कारण किल्ला लढवणारा शिपाई आपली जागा सोडत नाही. पण वर्गात मैदानी लढाई शिकवायची वेळ आली की हाच मावळा अडचणीत आणतो. मैदानात सैन्य सरकते, वळते, नदी उतरते. शंभर-दीडशे शिपाई एकेक उचलून पुढे ठेवायचे म्हटले तर तास संपतो आणि निम्मे शिपाई आडवे झालेले असतात.

युरोप-अमेरिकेत टेबलावर छोट्या शिपायांनी लढाया खेळण्याचा छंद मोठा आहे. तिथे या अडचणीवर काढलेला उपाय साधा आहे. शिपायाच्या पायाखाली लोखंडाचा तुकडा किंवा चुंबक बसवायचा, पाच-दहा शिपाई एका पातळ ट्रेवर उभे करायचे आणि ट्रे सरकवायचा. अख्खी तुकडी एका बोटाने पुढे जाते. हाच उपाय आपल्या शाळेत, जवळजवळ फुकटात, कसा करता येईल ते या लेखात पाहू. पण तेवढ्यासाठी आम्ही ही पाने घेतलेली नाहीत. ट्रे आणि कवायती फौज यांचे नाते फार जवळचे आहे, आणि ते कळले की १८०३ साली जालना जिल्ह्याच्या भूमीवर झालेली असईची लढाई निराळी दिसू लागते.

लिहिताना आम्ही अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. २०२३ सालच्या उपोषणापासून या गावाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. आम्हाला ते दोन निराळ्या कारणांनी सोयीचे वाटले. एक, साहित्य असे हवे की जे अशा गावातल्या किंवा फार तर अंबडच्या बाजारातल्या भंगारवाल्याकडे आणि लोखंडी सामानाच्या दुकानात मिळेल. दुसरे म्हणजे हे गाव जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, गोदावरीच्या पट्ट्यात आहे आणि असई उत्तर अंगाला. १८०३ च्या पावसाळ्यात आर्थर वेलस्लीची फौज याच दोन टोकांच्या मधल्या मुलखात फिरत होती.

आधी ट्रेचा इतिहास. सैन्याच्या जागी सोंगट्या ठेवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. चतुरंग या नावातच हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे आहेत. मात्र बुद्धिबळाच्या पटावर जमीन नसते. नदी नाही, टेकडी नाही, आणि प्यादे किती माणसांचे हेही कोणी विचारत नाही. ही उणीव प्रशियात भरून निघाली. १८१२ मध्ये रायस्वित्झ नावाच्या एका गृहस्थाने तिथल्या राजाला एक टेबल करून दिले. त्यावर जमिनीचे उंचसखल ठोकळे हवे तसे मांडता येत. पुढे १८२४ मध्ये त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, हा खेळ १ : ८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला आणि प्रशियाच्या सैन्यात तो शिक्षणाचे साधन म्हणून चालू झाला. त्यातल्या सोंगट्या माणसांच्या आकाराच्या नव्हत्या. त्या होत्या आयताकृती पट्ट्या. एक पट्टी म्हणजे एक पलटण, आणि पट्टीची लांबी म्हणजे ती पलटण रांगेत उभी राहिल्यावर व्यापते ती जमीन. शिपायांशिवायचा ट्रे म्हणावा असाच हा प्रकार.

शिपायांची खेळणी स्वतंत्र वाटेने आली. अठराव्या शतकात न्यूरेंबर्गला कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन घराण्याने आतून पोकळ शिशाचे शिपाई ओतण्याची युक्ती काढली. धातू कमी लागल्याने ते स्वस्त झाले. हेच शिपाई घेऊन एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे खेळाच्या नियमांचे पुस्तक लिहिले. विज्ञानकथांमुळे वेल्स आपल्या वाचकांच्या ओळखीचे आहेत. त्यांनी याच पुस्तकात खऱ्या युद्धाच्या मूर्खपणावरही लिहिले, आणि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

कथील आणि शिसे या दोन्ही धातूंना चुंबक ओढत नाही. पण वेल्स यांच्या शिपायांच्या पायाखाली चुंबक नव्हता याचे कारण एवढेच नाही. शिपायाच्या तळव्याखाली बसेल असा चुंबकच तेव्हा सहज मिळत नव्हता. शाळेच्या प्रयोगशाळेतले जुने चुंबक आठवा: एक लांब पट्टी, नाहीतर घोड्याचा नाल. नाण्यासारखा चपटा चुंबक त्या पेटीत का नसायचा, हा प्रश्न आम्हाला वर्गात विचारण्याजोगा वाटतो.

उत्तर असे आहे. चुंबकाच्या उत्तर आणि दक्षिण ध्रुवांमुळे त्याच्या स्वतःच्या पोटात उलट दिशेचे क्षेत्र तयार होते आणि ते त्याचे चुंबकत्व घालवू पाहते. दोन ध्रुव जितके जवळ आणि जितके रुंद, तितके हे उलटे क्षेत्र जोरदार. नाण्यासारख्या चकतीत दोन्ही ध्रुव पाठीला पाठ लावून बसलेले असतात, म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती. साध्या पोलादाला हा उलटा रेटा सोसत नाही, म्हणून पोलादी चुंबक लांब ठेवावा लागे, किंवा नालासारखा वाकवून त्याच्या टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी लावून ठेवावी लागे. ती पट्टी हरवलेल्या शाळांतले नालचुंबक काही वर्षांत निकामी होतात, हे शिक्षकांनी पाहिलेच असेल.

म्हणजे चपट्या चुंबकाचा शोध हा खरे तर हट्टी पदार्थाचा शोध होता. अठराव्या शतकात लंडनच्या गोविन नाइटने उत्तम पोलादी चुंबक केले आणि जहाजांच्या होकायंत्रांना त्यांचा उपयोग झाला, पण पदार्थ पोलादच राहिला. १९१७ मध्ये जपानच्या कोतारो होंडा यांनी कोबाल्ट घातलेले पोलाद केले, १९३१ मध्ये मिशिमा यांनी निकेल आणि ॲल्युमिनियमची मिश्रधातू काढली. तिच्यापासूनच अल्निको घराणे निघाले. ते चुंबक जोरदार होते, पण चकतीच्या आकारात तेही कच खात. खरी कलाटणी १९५२ मध्ये मिळाली. हॉलंडमधल्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेने बेरियम आणि लोहाच्या ऑक्साइडांपासून भाजून केलेला फेराइट चुंबक जाहीर केला. त्याचा जोर अल्निकोपेक्षा कमी, पण हट्ट कितीतरी अधिक. त्याला चपटे करा, तुकडे करा, तो आपले चुंबकत्व सोडत नाही. शिवाय कच्चा माल म्हणजे मुख्यतः लोखंडाचा गंजच, त्यामुळे स्वस्त. लाउडस्पीकरच्या मागची काळी कडी ती हीच.

याच फेराइटची भुकटी रबरात किंवा प्लास्टिकमध्ये मळली की वाकणारी पट्टी होते. तिचा सर्वांत मोठा उपयोग फ्रीजच्या दारात झाला, आणि त्यामागची हकिकत दुःखद आहे. जुन्या फ्रीजला बाहेरून अडकणारी कडी असे. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपायला गेलेली मुले आत कोंडून गुदमरून दगावत. अमेरिकेत अशा घटना वाढल्यावर १९५६ मध्ये कायदा झाला की फ्रीजचे दार आतून ढकलून उघडता आलेच पाहिजे. कडी गेली आणि तिची जागा चुंबकी पट्टीने घेतली. आज जुना फ्रीज भंगारात निघतो तेव्हा दाराभोवतीच्या रबरात ही पट्टी असते. आपला सगळा खेळ तिच्यावर उभा आहे.

१९८० नंतरच्या दशकात जपानमध्ये सागावा यांनी आणि अमेरिकेत क्रोट यांनी निओडिमियमचा चुंबक काढला. चण्याच्या डाळीएवढा चुंबकही शिपायाला उलटा टांगून धरतो. परदेशातले छंदी लोक हाच वापरतात. आमच्या मते शाळेत तो आणू नये. लहान मुलाने असे दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन घड्यांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडते. अशी मुले शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलेली आहेत. स्वस्तपणाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे एक कारण पुरेसे आहे.

आता हिशोब. चुंबक महाग आणि लोखंड स्वस्त, मग चुंबक कुठे बसवावा? शिपाई पुष्कळ, ट्रे थोडे. तेव्हा लोखंड शिपायाला आणि चुंबक ट्रेला. हे उघड वाटते, पण मुलांना विचारले तर बहुतेक जण आधी उलटे सांगतात. असईच्या लढाईसाठी एक शिपाई म्हणजे १०० माणसे असे प्रमाण आम्ही धरले. पोलमन या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखाली शिंद्यांचे सुमारे १०,८०० कवायती पायदळ होते, त्याचे १०८ शिपाई. वेलस्लीच्या बाजूने प्रत्यक्ष लढलेले सुमारे ४,५००, त्यांचे ४५. एकूण १५३. प्रत्येकाला चुंबक द्यायचा तर १५३ चुंबक लागतील. त्याऐवजी आठ-आठ शिपाई दोन ओळींत एका ट्रेवर ठेवले तर तिकडचे १४ आणि इकडचे ६, मिळून २० ट्रे. ट्रेची रुंदी ४८ मिलिमीटर. प्रत्येकाला तेवढ्या दोन पट्ट्या, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर. वीस ट्रेंना दोन मीटर. एका लहान फ्रीजच्या दाराभोवती तीन मीटरच्या आसपास पट्टी असते. एक भंगार दार पुरून उरते.

शिपायाच्या पायाला सहा मिलिमीटरच्या बोल्टचा वॉशर लावावा. दुकानात 'वायसर' म्हणून मागितला तरी चालेल. तो बाहेरून १२ मिलिमीटरचा असतो, म्हणून चार शिपायांना ४८. लोखंडीच घ्यावा, पितळेचा नको. दिवाळीच्या बाजारातला मावळा या वॉशरवर फार मोठा पडतो. इंचभर उंचीचे शिपाई मुलांनी शाडूचे किंवा कागदाच्या लगद्याचे करावेत आणि वाळल्यावर वॉशरवर चिकटवावेत. ओल्या मातीत वॉशर दाबून ठेवला तर माती वाळताना आकसते आणि पायाशी तडा जातो. बऱ्याच लोकांना एक रुपयाचे नाणे सुचते. गेली तीसेक वर्षे निघालेल्या एक रुपयाच्या पोलादी नाण्यांना चुंबक चिकटतो हे खरे, पण चलनाला डिंक लावू नये आणि वॉशर त्याहून हलकाही असतो.

ट्रेसाठी तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा पत्रा. पत्रा कापायचे काम मुलांना देऊ नये. पत्र्याचे काम करणाऱ्याकडून कडा दुमडून घ्याव्यात. फ्रीजच्या रबराला लांब चीर दिली की आतली तपकिरी किंवा काळी पट्टी अलगद निघते. ती पत्र्याला आपोआप धरते, डिंकाची गरज नाही. प्रत्येक डबा चुंबक लावून तपासावा, कारण हल्ली ॲल्युमिनियमचेही डबे येतात. स्टीलच्या सगळ्या ताटांनाही चुंबक चिकटत नाही.

पट्टीची एक खोड आहे आणि ती विज्ञानाच्या तासाला फार उपयोगी पडते. पट्टीवर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरवा. पट्टी चुंबकासारखी दोन टोकांना कीस जमत नाही, तर रेघारेघा उमटतात. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असे काही मिलिमीटर रुंदीचे पट्टे शेजारी शेजारी असतात. जाहिरातीचे फ्रीजवर लावायचे चपटे चुंबक मिळाले तर त्यांतले दोन एकमेकांवर घासून पाहावेत. एका दिशेने ते गुळगुळीत सरकतात, दुसऱ्या दिशेने खडखडत उड्या मारतात. त्यांतल्या बऱ्याच चुंबकांची एक बाजू जवळजवळ आंधळी असते. ध्रुवांची दिशा क्रमाने फिरवत नेली की क्षेत्र एकाच अंगाला गोळा होते, हे जॉन मॅलिन्सन यांनी १९७३ मध्ये दाखवले. पुढे क्लाउस हालबाख यांनी हीच रचना कणांच्या त्वरणयंत्रांसाठी वापरली. जिथे त्वरणयंत्र आणि मिठाईवाल्याची जाहिरात एकाच युक्तीवर चालतात अशा जागा विज्ञानात फार नाहीत.

ध्रुव इतके जवळ असल्याने पट्टीचे क्षेत्र फार जवळ जोरदार आणि जरा दूर गेले की नाहीसे. पट्टी आणि वॉशर यांच्या मध्ये पोस्टकार्डाइतक्या जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवा, मग दोन, मग तीन. दर वेळी ट्रे हळूहळू तिरपा करत शिपाई कोणत्या कोनाला निसटतो ते कोनमापकाने टिपा. पकड दर तुकड्याला ठरावीक वजनाने कमी होत नाही, ठरावीक पटीने कमी होते. मुलांनी आलेख काढला की वक्ररेषा दिसते. व्यवहारातला धडा असा की वॉशरच्या तळाला रंग लावू नये, पट्टीवर हिरवा कागद चिकटवून गवत दाखवण्याचा मोह टाळावा.

अंतरवाली सराटीसारख्या गावात आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिथली काळी माती बेसाल्ट खडकाची आहे आणि तिच्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. चुंबक जमिनीवर ठेवला की त्याला काळी मिशी फुटते आणि ती मग निघता निघत नाही. पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. जाता जाता सांगायचे तर याच कणांनी मोठे काम केले आहे. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांच्यात गोठली. १९५० नंतरच्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनच्या खडकांत ती मोजली, तेव्हा हे खडक विषुववृत्ताच्या बरेच दक्षिणेला घट्ट झाले होते असे निघाले. भारत उत्तरेकडे सरकत आला याच्या पहिल्या पुराव्यांपैकी तो एक.

साहित्य तयार झाले. आता लढाई. दोन बाके जोडावीत आणि खडूने दोन नद्या काढाव्यात: दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, पूर्वेला दोघींचा संगम. दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, जुईच्या काठाला, असई गाव. साधारण अडीच हजारास एक असे प्रमाण ठेवले तर दीड-पावणेदोन किलोमीटरची आघाडी ६५ सेंटिमीटरांत बसते, आणि आपले १४ ट्रे शेजारी शेजारी ठेवले तर तेवढीच लांबी होते. हे योगायोगाने जुळलेले नाही. तीन ओळींत, माणशी ५५ सेंटिमीटर जागा धरून १०,८०० शिपाई उभे केले तर रांग जवळजवळ दोन किलोमीटरची होते.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला घेऊन वेलस्ली गोदावरी ओलांडून औरंगाबादेस आला. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात शिरल्या होत्या. त्या हैदराबादेकडे वळू नयेत म्हणून वेलस्ली गोदावरीच्या काठाकाठाने पूर्वेकडे सरकला. २१ सप्टेंबरला बदनापूरला त्याची आणि कर्नल स्टीव्हन्सनची गाठ पडली. दोघांनी दोन वाटांनी जाऊन २४ तारखेला भोकरदनच्या बाजूला एकत्र हल्ला करायचा असे ठरले. पण २३ तारखेलाच वेलस्लीला शत्रू समोर दिसला आणि त्याने स्टीव्हन्सनची वाट न पाहता लढायचे ठरवले.

मराठ्यांची फौज केळणेच्या उत्तर काठाला, दक्षिणेकडे तोंड करून होती. पश्चिमेला भोकरदनच्या अंगाला हजारो स्वार, पूर्वेला पोलमनची पायदळ पलटणे आणि शंभरच्या आसपास तोफा. समोरून नदी उतरणे म्हणजे आत्महत्या होती. वाटाड्ये म्हणाले, दुसरा उतार नाही. वेलस्लीने पूर्वेकडे पाहिले तर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे होती, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावे अशी समोरासमोर वसतात तेव्हा मधे उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला. तो बरोबर निघाला. नदीकाठच्या मुलांना हे सांगावे लागत नाही.

आता ट्रे हलवायचे. वेलस्लीचे सहा ट्रे पूर्वेकडून नदी उतरून पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतात. त्यांच्यासमोर पोलमनची रांग नाही, रांगेचे टोक आहे. टोकावर हल्ला झालेली रांग कापडासारखी गुंडाळली जाते, म्हणून वेलस्ली निर्धास्त होता. आणि इथेच शिंद्यांच्या पलटणींनी ते केले ज्याची त्याला अपेक्षा नव्हती. त्यांनी आघाडी फिरवली. दक्षिणेकडे पाहणारी रांग पूर्वेकडे पाहू लागली; उजवे टोक केळणेवर, डावे असई गावावर, तोफांसकट.

हे किती कठीण होते ते ट्रेनेच कळते. आधी मुलांना आठ शिपाई ट्रेशिवाय बाकावर उभे करून ती ओळ काटकोनात वळवायला सांगा. प्रत्येक शिपायाला निराळे अंतर जावे लागते, कोणी पुढे जातो, कोणी पडतो. मग तेच शिपाई ट्रेवर ठेवा आणि एक कोपरा बोटाने दाबून दुसरा फिरवा. आठशे माणसांची खरी पलटण तीन ओळींत १४७ मीटर लांब असते. ती एका टोकाभोवती काटकोनात वळताना बाहेरच्या टोकाचा शिपाई वर्तुळाचा चौथा हिस्सा चालतो, म्हणजे सुमारे २३० मीटर. पाऊण मीटरचे पाऊल धरले तर ३०० पावले. आतल्या टोकाचा शिपाई जागच्या जागी पाय आपटतो. मधले सगळे आपापल्या प्रमाणात. ओळ तरीही सरळ राहिली पाहिजे. त्या माणसांच्या पायाखाली वॉशर नव्हते. त्यांना धरून ठेवणारी गोष्ट कवायत होती. हा शब्द अरबीतून आला, कायद्याचे अनेकवचन. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून डी बॉयन या सरदाराकडून असे कंपू उभे करवले, त्याला त्या वेळी वीस वर्षे होत आली होती. असईला कंपनी जिंकली म्हणून मराठ्यांची कवायत कच्ची होती असे अनेकदा लिहिले जाते. ट्रे फिरवून पाहिलेल्या मुलाला हे पटणार नाही, आणि आम्हालाही पटत नाही.

मग हरले का? एका कारणाने नव्हे. लढाईच्या आधी कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना बाहेर बोलावले होते आणि बरेच गेले. नवे हात घाईने बसवावे लागले. स्वारांचा प्रचंड समुदाय बहुतेक वेळ बाजूला राहिला. बाकावर हे दाखवताना स्वारांना ट्रे देऊ नये, शिपाई मोकळेच मांडावेत. त्यांना हलवायला किती हात लागतात ते मुले पाहतील. उलट वेलस्लीच्या उजव्या अंगाचे पहारेकरी आणि ७४ वी पलटण चुकून असई गावापर्यंत गेले आणि तोफांच्या माऱ्यात जवळजवळ संपले. तिथे ब्रिटिश घोडदळाने धाव घेऊन बाजू सावरली. डाव्या अंगाला कंपनीचे पायदळ संगिनी लावून तोफांवर आले. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. रांग पुढे निघून गेल्यावर मेल्यासारखे पडलेले काही जण उठले, तोफा वळवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला परत फिरून त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या.

ट्रेचे खोटेपण इथे मुलांना मोकळेपणाने सांगावे. चुंबकाने धरलेला शिपाई घाबरत नाही, दमत नाही, शेजारचा पडला म्हणून जागा सोडत नाही. वेलस्लीचे १,५८४ लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले; त्याच्या ४५ शिपायांतून १६ काढून घ्यावे लागतात. ते काढल्यावरही ट्रे तसाच नीट सरकतो. खरी पलटण तशी सरकत नाही. म्हणून आम्ही सुचवू की दोन शिपाई पडले की त्या ट्रेची एक पट्टी काढून घ्यावी. उरलेले मग डळमळू लागतात आणि ट्रे हळू न्यावा लागतो.

गोदाकाठच्या शाळांना याच साहित्यावर दुसरी लढाई मांडता येईल. १० ऑगस्ट १७६३ रोजी, नदीपलीकडे आज बीड जिल्ह्यात असलेल्या राक्षसभुवनला, निजामाची निम्मी फौज गोदावरी उतरून उत्तर काठाला आली होती आणि विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी दक्षिण काठाला होता. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याने नेमका तो अर्धा भाग गाठला. पूर आलेल्या नदीमुळे निजामाला पलीकडून काही करता आले नाही. बाकावर नदी काढून उत्तरेकडच्या ट्रेंखाली पट्ट्या दुहेरी लावाव्यात आणि बाकावर पत्रा अंथरावा. मग ते ट्रे ओढूनही सहज हलत नाहीत.

असईच्या मांडणीत शेवटचे काम तोफांचे राहते. दहा तोफांना एक या हिशोबाने पोलमनच्या रांगेपुढे दहा तोफा ठेवलेल्या असतात; सायकलच्या तुटक्या आऱ्यांचे तुकडे त्यासाठी चांगले, ते पोलादी असल्याने पट्टीला आपसूक धरतात. लढाई संपली तेव्हा वेलस्लीच्या हाती ९८ तोफा लागल्या. दहाही उचलून त्याच्या ट्रेवर ठेवायच्या. त्याचे उरलेले २९ शिपाई आणि या दहा तोफा शेजारी ठेवल्यावर मुले मोजू लागतात की त्या वाहून न्यायला माणसे पुरतील का. वेलस्लीची स्वतःची तोफा ओढणारी बैलेही त्या दुपारी पुष्कळ मेली होती.